नव्या टायरचे पहिले दोनशे किलोमीटर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



टायरला मराठीत आपला स्वतःचा एक शब्द होता. बैलगाडीच्या लाकडी चाकावर जी लोखंडी पट्टी चढवतात, तिला धाव म्हणतात. लोहार ती पट्टी जाळात लालभडक तापवायचा, चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायचा आणि वरून पाणी ओतायचा. लोखंड आकसायचे आणि तुंब्यापासून आऱ्यांपर्यंत सगळे लाकूड एकमेकांत घट्ट आवळले जायचे. वस्तूलाही धाव आणि पळण्यालाही धाव! हा शब्द ज्याने पहिल्यांदा वापरला तो मनाने कवीच असला पाहिजे. आमचे आजोबा नवी धाव चढवली की गाडीत लगेच ओझे भरत नसत. रिकामी गाडी शेतापर्यंत न्यायची, चाक कुठे करकरते का ते ऐकायचे, परत आणायची आणि मग दुसऱ्या दिवशी ज्वारीची पोती.

आजोबांची ही रीत मला २०२५च्या ऑक्टोबरमध्ये उपयोगी पडली. त्या महिन्यात मी माझ्या मोटारसायकलला नवे टायर घातले. आजचे माझे बोलणे त्याबद्दलच आहे. विषय कवीला न शोभणारा आहे, असे काहींना वाटेल. बी.ए. झालेल्या माणसाला टायरचे शास्त्र कुठून कळणार, असेही कुणी म्हणेल. पण नायगावसारख्या ठिकाणी राहायचे, कवितेच्या निमित्ताने कधी देगलूर, कधी कंधार, कधी उदगीर, कधी थेट लातूर गाठायचे, आणि रात्री कार्यक्रम संपला की परतीच्या एसटीची शाश्वती नाही. अशा माणसाला वहीइतकीच गाडी सांभाळावी लागते. २०२२च्या एप्रिलमध्ये उदगीरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हाही मी भर उन्हात याच गाडीने गेलो होतो.

गाडी रॉयल एनफिल्डची हिमालयन आहे, ४११ सीसीची. नाव हिमालयाचे, पण तिने आजवर पाहिला तो बालाघाटच. तिचे वजन दोनशे किलोच्या घरात. त्यावर मी, मागे कपड्यांची आणि पुस्तकांची पिशवी, कधी पत्नी, कधी एखादा कवी. एवढा सगळा संसार रस्त्याला टेकतो तो किती जागेवर? चालत्या गाडीचा प्रत्येक टायर एका वेळी तळहाताहूनही लहान जागेवर जमिनीला लागलेला असतो. ब्रेक, वळण, वेग, पाऊस, जे काही व्हायचे ते त्या दोन तुकड्यांवर होते.

हे मी इतके मनावर का घेतले, ते आधी सांगतो. शेजारच्या तालुक्यात माझा एक कवीमित्र आहे. नाव सांगत नाही, त्याला ते आवडणार नाही. २०२३च्या पावसाळ्यात, पहिल्याच सरीत, एका कार्यक्रमाहून परतताना त्याची गाडी वळणावर घसरली. वेग चाळीसच्या आत होता, समोरून कुणी आले नव्हते. मागचा टायर पार गुळगुळीत झाला होता आणि हे त्याला ठाऊक होते. घरात ठेवलेल्या सोयाबीनला भाव आला की विकू आणि टायर घेऊ, असा त्याचा हिशोब होता. भाव आला नाही, पाऊस आला. मांडीचे हाड मोडले, आत सळई बसवावी लागली, सात महिने घरात गेले. आता तो चालतो, थोडा लंगडतो. पण त्या दिवसापासून तो दुचाकीवर बसला नव्हता. चालवणे दूरच, मागेसुद्धा नाही. आपल्या भागात दुचाकीवर बसायचे नाही म्हणजे जवळजवळ घराबाहेर पडायचे नाही. त्याचे कार्यक्रम सुटले आणि कार्यक्रमांमागून लिहिणेही सुटले.

असा तो एकटा नाही. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे दगावली. त्यांतली शेकडा ४४हून अधिक दुचाकीवरची होती. या सगळ्यांचे टायर खराब होते, असे मी मुळीच म्हणत नाही. पण हेल्मेटबद्दल आपण निदान भांडतो तरी. टायरबद्दल कुणी बोलतसुद्धा नाही.

हवेचा टायर ही तशी फार जुनी गोष्ट नाही. रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश माणसाने १८४५ मध्ये त्याचे पहिले पेटंट घेतले. पण तेव्हा सायकलीही नव्हत्या, म्हणून ते विस्मरणात गेले. पुढे १८८८ मध्ये बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी रबराची नळी हवेने भरून चाकाला बांधली. डनलॉप व्यवसायाने गुरांचे डॉक्टर होते, हे आमच्या बाजारकऱ्यांना ऐकून बरे वाटेल. टायरचा काळा रंगही रबराचा नाही. रबराचा चीक दुधासारखा पांढरा असतो. त्यात काजळी मिसळतात, म्हणून टायर काळा होतो आणि त्या काजळीमुळेच तो झिजेला टिकतो. आपल्याकडे दृष्ट लागू नये म्हणून बाळाला काजळाची तीट लावतात. टायरच्या बाबतीत ती तीट खरोखर काम करते.

आता माझ्या टायरकडे येतो. मागचा टायर चौदा हजार किलोमीटरनंतर संपत आला होता. संपला हे कसे ओळखायचे? टायरच्या खाचांमध्ये तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. वरची नक्षी झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीला आली की टायरचे आयुष्य सरले. केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुचाकीसाठी खाचेची खोली किमान ०.८ मिलिमीटर हवी, असे म्हटले आहे. एक मिलिमीटरसुद्धा नाही! नियम एवढा सैल असूनही आपल्या बाजारात उभ्या असलेल्या निम्म्या गाड्यांजवळ बसून पाहावे असे मला वाटते. आतले धागे दिसेपर्यंत टायर चालवण्याला आपण काटकसर म्हणतो.

दोन्ही टायर आणि दोन्ही ट्यूब मिळून आठ हजारांच्या आसपास गेले. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, त्याचा थोडा फायदा झाला. त्याच दिवसापासून साडेतीनशे सीसीवरच्या नव्या मोटारसायकलींवरचा कर मात्र ४० टक्के झाला. म्हणजे माझ्यासारख्याला सरकारने सुचवलेच की बाबा, जुन्याच घोड्याला नवे नाल मार. तरी आठ हजार ही थोडी रक्कम नव्हे. सोयाबीनचा २०२५-२६चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. त्या भावाने हे दीड क्विंटल सोयाबीन झाले, आणि बाजारात हमीभाव मिळेलच असे कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. माझ्या मित्राचा हिशोब चुकला असे म्हणणे सोपे आहे. पण तो हिशोब घरोघरी असतो.

दुकानात टायर हातात आला की आपण किंमत विचारतो, कंपनी विचारतो आणि घेऊन निघतो. टायर स्वतः बरेच काही सांगत असतो, ते वाचावे. माझ्या पुढच्या टायरवर लिहिले आहे ९०/९०-२१, ५४ एस. पहिला आकडा रुंदीचा, नव्वद मिलिमीटर. दुसरा नव्वद म्हणजे टायरची उंची रुंदीच्या शेकडा नव्वद. एकवीस इंच हा रिमचा व्यास. ५४ हा भाराचा सांकेतिक आकडा आहे, त्याचा अर्थ २१२ किलो. एस म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंत चालेल. मागचा टायर १२०/९०-१७, ६४ एस. त्याचा भार २८० किलो. यापेक्षा महत्त्वाचा एक चार आकड्यांचा शिक्का बाजूला असतो. समजा ३४२५ लिहिले असेल, तर तो टायर २०२५ सालच्या चौतिसाव्या आठवड्यात तयार झाला. रबर गोदामात पडूनही म्हातारे होते. चार-पाच वर्षे पडून राहिलेला टायर नवा म्हणून मिळत असेल तर तो स्वस्तातही घेऊ नये. मेथीची जुडी आपण उलटीपालटी करून घेतो, मग टायर का नाही?

टायर घालून दिले ते आमच्या उस्तादांनी. त्यांचे दुकान म्हणजे पत्र्याचे शेड, एक कॉम्प्रेसर, पंक्चर शोधायचे पाण्याचे घमेले आणि भिंतीला टांगलेल्या ट्यूब. शाळा चौथीपर्यंत. पण त्यांचे काम पाहत बसावे. टायरच्या कडेवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, तो त्यांनी आधी बोटाने दाखवला, मगच टायर रिमवर ठेवला. टायरचा हलका भाग दाखवणारा रंगाचा ठिपका व्हॉल्व्हजवळ आणला. जुनी ट्यूब ताणलेली असते, ती नव्या टायरमध्ये घालायची नाही, असे बजावले. टायर रिमवर सरकावा म्हणून काही जण ऑइल लावतात. उस्ताद साबणाचेच पाणी लावतात आणि नंतर पुसून घेतात. हवा भरल्यावर रिमच्या काठाने जी बारीक रेघ दिसते, ती सगळीकडे सारख्या अंतरावर आहे का हे त्यांनी चाक फिरवून पाहिले. शेवटी पान्याने एकेका स्पोकवर टिचकी मारून आवाज ऐकला. तबला लावणारा माणूस जसा कान देतो, तसा. एक स्पोक बोदा वाजला, तो आवळला.

पंक्चरवाला हा शब्द अलीकडे काही लोक एका समाजाला टोमणा मारायला वापरतात. माझ्याही कानावर तो आला आहे. त्यात अपमान कसला हे मला कळलेले नाही. रात्री अकरा वाजता लेकराबाळांसह रस्त्यात अडकलेल्या माणसासाठी जो झोपेतून उठतो, मोबाइलच्या उजेडात चाक उघडतो आणि वीस-तीस जादा रुपयांत त्याला घरी पोहोचवतो, त्याची जात आणि धर्म त्या वेळी कुणी विचारत नाही. असा एक माणूस प्रत्येक फाट्यावर आहे म्हणून आपल्या भागात माणसे रात्री घराबाहेर पडू शकतात.

पैसे घेताना उस्ताद आपल्या दखनीत म्हणाले, “मियाँ, नवा टायर नवा दामाद है. आठ दिन उसकू कुच बोलने का नै.”

या वाक्यात शास्त्र आहे. कारखान्यात टायर साच्यातून निघतो. त्याचा पृष्ठभाग चकचकीत, गुळगुळीत असतो आणि साच्यातून सुटावा म्हणून वापरलेल्या पदार्थाचा अंशही त्यावर असू शकतो. रस्त्यावर घासून हा थर गेला, रबर जरा खरखरीत झाले की खरी पकड सुरू होते. आतले थरही वाकून-दबून, गरम होऊन आपापल्या जागी बसायचे असतात. म्हणून टायर कंपन्या पहिले दीडशे किलोमीटर किंवा त्याहून थोडे अधिक अंतर सांभाळून चालवायला सांगतात. नवा टायर म्हणजे पहिल्या मिनिटापासून उत्तम पकड, असा आपला समज असतो. अनेक जण दुकानातून बाहेर पडताना पहिल्याच वळणावर घसरतात ते यामुळे. मी दोनशे किलोमीटर ठरवले. आजोबांच्या रिकाम्या गाडीची आठवण होतीच.

पहिल्या दिवशी पहाटे नायगावहून नांदेडला जाऊन परत आलो. शंभर किलोमीटरच्या आसपास हा प्रवास होतो. रस्ता कोरडा, गाडीवर मी एकटा, वेग पन्नास-साठ. पहिली गोष्ट लक्षात आली ती अशी की गाडी हलकी झाल्यासारखी वाटत होती. खड्डा चुकवायला जरा कलावे तर ती अपेक्षेपेक्षा लवकर कलत होती. याचे कारण जुन्या टायरमध्ये होते. आपले रस्ते सरळ. नांदेड-देगलूर-हैदराबाद रस्त्यावर मैलोन् मैल गाडी उभीच्या उभी चालते. त्यामुळे टायर मधोमध झिजून चपटा होतो आणि कडा मात्र कोऱ्या राहतात. अशी गाडी वळवायला जोर लागतो आणि आपल्या हाताला नकळत त्या जोराची सवय होते. नवा टायर पूर्ण गोल. त्याला तोच जोर लावला तर गाडी जास्त कलते. म्हणजे नवा टायर घातल्यावर गाडीइतकेच आपल्या हातांनाही नव्याने शिकवावे लागते.

दुसरी गोष्ट ब्रेकची. मोकळ्या सरळ रस्त्यावर, मागे कुणी नाही हे आरशात पाहून, आधी तीसच्या वेगावरून, मग चाळीस, मग पन्नासवरून गाडी थांबवली. दोन्ही ब्रेक एकत्र, आणि दाब हळूहळू वाढवत. माझ्या गाडीला एबीएस आहे. २०१९च्या एप्रिलपासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना ते सक्तीचे झाले. एबीएस असले की टायर कसाही चालतो, असे तरुण मुले मला सांगतात. एबीएस चाक अडकू देत नाही, एवढेच त्याचे काम. रस्ता धरून ठेवण्याचे काम टायरचेच असते. रबर संपले असेल तर एबीएस कुठून पकड आणणार?

दुसऱ्या दिवशी नरसीहून मुखेडच्या दिशेने गेलो. तिकडे बालाघाटच्या रांगा सुरू होतात, चढ-उतार आणि वळणे मिळतात. याच मुखेड तालुक्यात २०२५च्या ऑगस्टमध्ये अतिवृष्टीने हसनाळसारख्या गावांत पाणी शिरले, माणसे आणि जनावरे गेली. पावसाळ्यानंतर त्या बाजूचा रस्ता म्हणजे कुठे डांबर, कुठे खडी, कुठे वाहून आलेला गाळ. नव्या टायरच्या कडांवर रबराचे बारीक केस असतात. एकेका वळणावर गाडी थोडी थोडी अधिक कलवत नेली, तसे ते केस मधून कडेकडे झिजत गेले. दुपारी थांबून पाहिले तेव्हा टायरवर घासलेला आणि कोरा असे दोन पट्टे स्पष्ट दिसत होते. जिथवर घासला तिथवरच त्यावर भरवसा ठेवायचा, हा माझा त्या दिवसाचा नियम होता.

आता हवेबद्दल. माझ्या गाडीला एकट्यासाठी पुढे २५ आणि मागे ३२ पौंड हवा सांगितलेली आहे. मागे माणूस बसला की थोडी वाढवायची. ही हवा टायर थंड असताना मोजायची, म्हणजे सकाळी निघण्यापूर्वी. गाडी चालली की टायर तापतो, हवा फुगते, आकडा वाढतो. ते गृहीतच धरलेले असते. आपल्याकडे एक समज घट्ट बसला आहे की उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून हवा कमी ठेवावी. हे उलटे आहे. हवा कमी असली की टायरची भिंत प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते, आणि वाकण्यानेच उष्णता तयार होते. मराठवाड्याच्या मे महिन्यात वरून बेचाळीस अंशांचे ऊन, खालून तापलेला रस्ता आणि आतून ही उष्णता. टायर फुटायला याहून वेगळे काय लागते? तापलेल्या टायरची हवा सोडू नये आणि थंड टायरला कमी हवा ठेवू नये. एवढे पाळले तरी पुष्कळ झाले.

तिसऱ्या दिवशी शेतवाटेवर गेलो. मुरमाच्या वाटेवर टायरने छान साथ दिली. पण ओल्या काळ्या मातीत दहा पावलांत त्याच्या सगळ्या खाचा भरून गेल्या आणि चाक चिखलाचा गोळा होऊन मडगार्डमध्ये अडकले. आपल्या काळ्या मातीला कापूस कळतो, टायर कळत नाही. तिथे गाडी बांधावर ठेवून पायी जाणे हाच शहाणपणा. दुसरी एक जागा आहे जिथे कोणताही टायर हरतो. ऑक्टोबरमध्ये शेतकरी डांबरी रस्त्यावर सोयाबीन वाळत घालतात. बिचाऱ्यांकडे दुसरे खळे नसते. पण ते कडक दाणे चाकाखाली गोट्यांसारखे फिरतात. तिथे वळू नये, ब्रेक दाबू नये, सरळ आणि सावकाश जावे. उसाच्या ट्रॅक्टरने रस्त्यावर आणलेला चिखल, पुलावरचे लोखंडी जोड, पांढरे पट्टे आणि शेण यांनाही हाच नियम.

पावसाची परीक्षा राहिली होती. ती ऑक्टोबरच्या अखेरीस अवेळी आलेल्या पावसाने घेतली. कोरड्या रस्त्यावर टायरच्या नक्षीचे फारसे काम नसते. शर्यतीच्या गाड्यांचे टायर तर नक्षीविनाच असतात. नक्षी लागते ती पाण्यासाठी. टायरखालचे पाणी खाचांतून बाजूला फेकले गेले तरच रबर रस्त्याला लागते. म्हणून गुळगुळीत टायर उन्हाळाभर आपल्याला फसवत राहतो, सगळे ठीक आहे असे भासवतो, आणि पहिल्या सरीला उघडा पडतो. त्यातून पहिली सर सर्वांत घातकी. रस्त्यावर महिनोन् महिने साचलेली धूळ, तेल आणि रबर पाण्यात मिसळून साबणासारखा थर तयार होतो. जोराचा पाऊस काही वेळ पडला की तो धुऊन जातो. ती पहिली पंधरा-वीस मिनिटे चहाच्या टपरीवर काढावीत. मी तशी काढली आणि मग निघालो. ओल्या रस्त्यावर पुन्हा तीस, चाळीस करत ब्रेक दाबून पाहिले. गाडी सरळ थांबली. तेव्हा किलोमीटरचा काटा दोनशे साठ पुढे सरकलेला होता.

त्यानंतरच मी मित्राकडे गेलो. देगलूरला एका घरगुती काव्यवाचनाचे बोलावणे होते, दोघांनाही. नेहमीप्रमाणे तो नाही म्हणाला. मी आग्रह केला नाही. अंगणात गाडी लावून पाणी पीत बसलो. थोड्या वेळाने तो काठी टेकत बाहेर आला, गाडीजवळ बसला आणि मागच्या टायरवरून त्याने तळहात फिरवला. मधून कडेपर्यंत, पुन्हा मधे. मग एकेक प्रश्न विचारला. टायर कधीचे बनलेले आहेत? किती किलोमीटर झाले? हवा कधी मोजली? पावसात चालवून पाहिले का? मी उत्तरे दिली. तो काही न बोलता आत गेला आणि शर्ट बदलून, वही घेऊन आला.

नरसी येईपर्यंत त्याने मागचा कॅरिअर दोन्ही हातांनी आवळून धरला होता, हे मला पाठीला जाणवत होते. एका पुलापाशी रस्ता ओला होता, तिथे तो फक्त “हळू” म्हणाला. मी हळूच होतो. देगलूरला त्याने जुन्याच दोन कविता वाचल्या. रात्री परतताना मात्र तो बोलायला लागला. घरचे, पिकाचे, एका अर्धवट राहिलेल्या कवितेचे. नायगाव जवळ आले तेव्हा त्याने अचानक विचारले, “तुझे जुने टायर कुठे आहेत रे?”

“उस्तादांच्या दुकानात पडले असतील.”

“ते कापून टाकायला सांग. नाहीतर कुणीतरी पैसे नाहीत म्हणून दोनशे रुपयांत घेईल आणि आपल्या गाडीला घालील.”

श्रोतेहो, ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नसती. ज्याच्या मांडीत सळई आहे त्याच्याच ध्यानात आली. दुसऱ्या दिवशी मी उस्तादांकडे गेलो. त्यांनी जरा विचार केला, कारण असे टायर विकून त्यांनाही चार पैसे मिळतात. मग आतून सुरी आणली आणि दोन्ही टायरच्या भिंती आडव्या चिरल्या. मधल्या रबराची एक लांब पट्टी एक शेतकरी गोठ्याच्या फाटकाला बिजागरी म्हणून घेऊन गेला. तिथे ती अजून बरीच वर्षे काम देईल.